दंडवतांचा रकाना

तिर ८

माझे मार्गदर्शक डॉक्टर ताम्रात म्हणाले, प्रयोग सुरू झाला की रोजची नोंद ठेव, नाहीतर शेवटी काही आठवत नाही. ती नोंद हिरव्या वहीत ठेवणार आहे. ही वही वेगळी. हिरव्या वहीत जे शोभणार नाही ते इथे.

आज चिठ्ठ्या काढल्या. मुलींच्या वसतिगृहातल्या वरच्या मजल्यावरच्या चार खोल्या, चौदापासून सतरापर्यंत. एकेका खोलीत आठ मुली, सगळ्या पहिल्या वर्षाच्या. प्रत्येक खोलीसाठी चार चिठ्ठ्यांवर फुली, चार कोऱ्या. फुलीवाल्या सोळाजणी बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, माझ्याबरोबर ताएबो करणार. म्हणजे तायक्वांदोच्या लाथा, बॉक्सिंगचे ठोसे, आणि सगळं गाण्याच्या ठेक्यावर. कोऱ्या चिठ्ठीवाल्या सोळाजणींनी काहीच करायचं नाही. शेवटी दोन्ही गटांचा दम, पोटाची ताकद, लवचीकता आणि नाडी मोजायची आणि फरक काढायचा. फरक निघाला तर तो माझा प्रबंध. प्रबंध गिनबोत महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, म्हणजे अजून चार महिन्यांत, गेला तर मी कॉलेजात कायमची शिक्षिका. नाही गेला तर ती जागा दुसऱ्याला देतील, असं कॉलेजच्या पत्रातच लिहिलं आहे. पत्र मी चार वेळा वाचलं.

ताम्रात सरांचं म्हणणं होतं, दोन खोल्या या गटात टाक, दोन त्या गटात, आणि मोकळी हो. मी ऐकलं नाही. एका खोलीत सकाळचं ऊन येतं, दुसरीत येत नाही. एकीला न्हाणीघर जवळ, दुसरीला लांब. मग निघालेला फरक ताएबोचा की उन्हाचा, हे कसं सांगणार? म्हणून प्रत्येक खोली अर्धी-अर्धी केली. सर हसले. "अयनादिस, तू एक दिवस तराजूलाच तराजूत घालशील."

चौदा नंबरात ब्रझाफ नावाच्या मुलीला कोरी चिठ्ठी आली. तिने ती उलटी केली, मग उजेडात धरली.

"टीचर, हे देवाने ठरवलं की तुम्ही?"

"चिठ्ठीने ठरवलं."

"चिठ्ठी कापली कुणी?"

"मी."

"मग तुम्हीच की."

तिच्या वरच्या पलंगावर झोपणारी येशीहारेग, फुलीवाली, तिच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "तोंड पाडू नकोस. तुझ्या वाटच्या लाथा मी मारीन."

खाली माझ्या खोलीत आल्यावर सगळ्या चिठ्ठ्या एकावर एक ठेवून पाहिल्या. सारख्याच कापल्या होत्या.

तिर ११

तिमकतच्या, येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाच्या, मिरवणुकीसाठी आई गावाहून बसने आली. येताना भाजलेल्या जवांची पिशवी आणली. मी काय करते ते तिला पुन्हा समजावून सांगितलं.

"नाचच ना?" ती म्हणाली.

"व्यायाम आहे, आई."

"गाण्यावर करतात ना? मग नाच. नाचायचं तर खांदे हलवावेत माणसाने, लाथा कशाला?"

"दम वाढतो."

"मला दम वाढवायचा असता तर झऱ्यावर अजून एक खेप केली असती."

आमच्या घरात शाळेची पायरी मीच पहिली चढले. आई सही करत नाही, अंगठा देते. तिला माझा पदवीदानाचा काळा झगा घातलेला फोटो भिंतीवर हवा आहे. जागाही मोजून ठेवली आहे, येशू आणि मारियाच्या तसबिरींच्या मधली. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ती परत गेल्यावर वाटलं, हो म्हणायला काय झालं होतं.

तिर १३

पहिला वर्ग. जेवणघराच्या मागची फरशी. माझा आवाज फुटेना. "एक, दोन" म्हटलं तर मागच्या रांगेतून येशी म्हणाली, "टीचर, एक ऐकू आलं, दोन आम्ही कल्पनेने घेतलं." सगळ्या हसल्या. मग ओरडले. ओरडल्यावर जरा बरं वाटलं.

अर्धा तास झाल्यावर लक्षात आलं की सगळ्याजणी उजवा पाय पुढे घेऊन उभ्या आहेत. नेहमी डावा असतो. मी डावखुरी, म्हणून माझा उजवा पुढे. लहानपणी जेवताना आईने डाव्या हातावर चमचा मारून मारून सवय मोडली, पण ठोसा अजून डावाच जोराचा बसतो. मुलींनी मला आरशासारखं न पाहता जशीच्या तशी उचलली. आता बदलावं का? बदललं तर पहिला दिवस वाया. तसंच ठेवलं. हिरव्या वहीत नोंद केली: सर्व सोळा मुली, उजवा पाय पुढे, प्रशिक्षिकेच्या दोषामुळे.

तिर २८

दोन आठवडे झाले. येशीचे दोन्ही दंड दुखतात, केस विंचरायला ती ब्रझाफला सांगते. आज वर गेले तेव्हा आठहीजणी मेसमधून आणलेलं एका मोठ्या ताटात ओतून जेवायला बसल्या होत्या. मलाही बसवलं. येशीने शिरोच्या पिठल्यात इंजेराच्या आंबट पोळीचा तुकडा बुडवला आणि तो ब्रझाफच्या तोंडात कोंबला. "घे, तुला ठोसे मिळाले नाहीत, हे तरी घे."

घास भरवणाऱ्याचा हात मागे लोटत नाहीत. ब्रझाफने तोंड उघडलं. मलाही एक मिळाला, भलामोठा.

मनात आलं, दोन्ही गटांचा आहार अगदी एक आहे, अगदी ताटसुद्धा एक. माझी खोल्या अर्ध्या करण्याची युक्ती बरोबर होती. सरांना सांगायला हवं.

येकाटित ९

संध्याकाळच्या जेवणानंतर वरून धप-धप आवाज. चौदा नंबर बरोबर माझ्या डोक्यावर आहे. पलंग सरकवत असतील. पंधरा मिनिटं पलंग कोण सरकवतं, असं वाटून दारापर्यंत गेले, पण तेवढ्यात थांबला.

वर्गात सगळ्या नियमित येतात. कुणी एक दिवसही चुकवलेला नाही. इतकं सुरळीत चाललं की मला भीती वाटते.

येकाटित २४

उद्यापासून मोठा उपवास, पंचावन्न दिवस. दूध, अंडी, मांस बंद, आणि पहिला घास दुपार कलल्यावर. आज मुलींनी शेवटचं मांस खाल्लं. मेसमध्ये एवढा आरडाओरडा की कुणाचं लग्न असावं.

हे मी आधी हिशेबात धरलं होतं. दोन्ही गट उपवास करणार, म्हणून फरक पडू नये. वर्ग मात्र संध्याकाळी नेला, पोटात काहीतरी गेल्यावर. पण दुपारी चर्चमध्ये गेले आणि एका कोपऱ्यात एक म्हातारी दंडवत घालताना दिसली. गुडघे, तळवे, कपाळ जमिनीला, पुन्हा उभी. पुन्हा. पुन्हा. मी मोजत राहिले. साठ झाले तरी ती थांबेना.

आणि अचानक सुचलं. हा व्यायाम नाही का? उपवासात मुली रोज दंडवत घालणार. चर्चचे धर्मगुरू, आबा, प्रत्येकीला आकडा देतात, कुणाला वीस, कुणाला शंभर. कोऱ्या गटातल्या एखादीने शंभर घातले तर ती काहीच करत नाही असं मी कसं म्हणू? प्रार्थनेला व्यायाम म्हणायला जीभ रेटेना. न म्हणावं तर प्रयोग खोटा. म्हातारीच्या मागे उभी राहून मी याचा विचार करत होते, प्रार्थना नाही.

येकाटित २८

सरांना विचारलं. ते म्हणाले, "उत्तम शंका. रकाना काढ." म्हणून आजपासून बत्तीसजणींना एकेक कागद दिला: रोज तारखेपुढे दंडवतांची संख्या लिहायची. शनिवार-रविवार रिकामे, त्या दिवशी दंडवत घालत नाहीत.

ब्रझाफने कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. मग म्हणाली, "टीचर, जास्त घातले तर तुमचा प्रयोग बिघडेल का?"

"नाही. फक्त खरं लिही."

"आणि म्हणजे त्यातूनही दम वाढत असेल?"

"वाढत असेल. तेच तर माहीत नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि कागदाची व्यवस्थित घडी घातली. हुशार मुलगी आहे. असे प्रश्न फुलीवाल्यांनी एकदाही विचारले नाहीत.

मेगाबित ६

वरची धप-धप आता रोजची. आता कळलं: दंडवत. गुडघे आणि तळवे फरशीवर आपटतात. मी दार लावून ऐकत बसले. या पोरींची श्रद्धा पाहून लाज वाटली. मी आज बाराच घातले, त्यातही मध्ये वर्गातल्या गाण्याचा ठेका डोक्यात आला. त्यांचाही वेग बराच आहे. तरुण अंग.

कागद पाहिले. ब्रझाफ रोज चाळीस, हल्ली पन्नास. कोऱ्या गटातल्या सगळ्यांचेच आकडे मोठे आहेत. फुलीवाल्यांचे दहा-पंधरा. त्या दमून येतात, साहजिक आहे.

मेगाबित १४

शनिवार. संध्याकाळी वर आवाज आला. शनिवारी दंडवत घालत नाहीत. जिन्यापर्यंत गेले. अर्ध्या जिन्यावर उभी राहिले. मग वाटलं, परीक्षकाने असं चोरून ऐकणं बरोबर नाही, विश्वास ठेवायला हवा. चादरी झटकत असतील. परत आले.

मेगाबित २१

बाजारात एक प्रकार झाला. येशीने हसत हसत सांगितला, मला हसू आलं नाही. मिरच्या आणायला गेल्या होत्या. बसथांब्यावरच्या एका टवाळाने ब्रझाफची नेतेला, डोक्यावरची पांढरी ओढणी, ओढली.

"मग?"

"मग काय, ही अशी उभी राहिली." येशीने करून दाखवलं: उजवा पाय पुढे, मुठी गालापाशी, हनुवटी खाली. "तो म्हणाला, बाई, मी गंमत केली. ही म्हणाली, मीही अजून गंमतच करते आहे. पळाला तो."

ब्रझाफ खाली बघत होती. मी तिला विचारलं, घाबरली नाहीस ना? रात्री झोप येते का? ती म्हणाली, येते, टीचर, हल्ली फार छान येते.

मला वाटतं ती धक्का लपवते आहे. वसतिगृहाच्या बाईंना सांगून मुलींनी बाजारात चौघी मिळून जावं असं सुचवलं. माणूस घाबरला की आपोआप मुठी वर करतो, हे कुठेतरी वाचलं होतं. ते खरं दिसतं.

मियाझ्या ५

शेवटचा वर्ग. बारा आठवडे, छत्तीस वर्ग, कोणीही गळलं नाही. मुली टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या. मी आभार मानायला तोंड उघडलं आणि सवयीने "एक, दोन" निघालं. येशी म्हणाली, "आता दोनसुद्धा ऐकू येतं, टीचर."

पुढच्या रविवारी होसाना, ताडाच्या पातींचा सण, मग दुःखाचा आठवडा. त्यात मुलींच्या अंगात त्राण राहणार नाही. म्हणून परवा आणि तेरवा चाचण्या उरकायच्या.

मियाझ्या ८

चाचण्या झाल्या. आज कोऱ्या गटाची बारा मिनिटांची धाव होती. ब्रझाफ अकराव्या मिनिटाला माझ्यासमोरून गेली तेव्हा तोंड मिटून श्वास घेत होती. घड्याळ बिघडलं असं वाटून मी सरांचं मागून आणलं. तेही तेच सांगत होतं.

मियाझ्या ९

तीन वेळा आकडेमोड केली.

फुलीवाल्या: मिनिटाला पोटाच्या उठा-बैठका सरासरी सतरावरून एकोणतीस. नाडी ब्याऐंशीवरून चौऱ्याहत्तर.

कोऱ्या: सोळावरून सव्वीस. नाडी एक्क्याऐंशीवरून पंचाहत्तर.

फरक नाही. म्हणजे आहे, पण इतका थोडा की तो फरक म्हणता येत नाही. ज्यांनी काहीच केलं नाही त्या, ज्यांनी छत्तीस वर्ग केले त्यांच्याइतक्याच सुधारल्या. मग मी बारा आठवडे काय करत होते? कदाचित ताएबोचा काही उपयोगच नाही. कदाचित मला शिकवताच येत नाही. उजवा पाय पुढे घेतल्याने असेल का? जेवले नाही. दाराला कडी लावली का ते दोनदा पाहून आले.

मियाझ्या १०

सरांकडे आकडे घेऊन गेले. त्यांनी कागद चाळले, मग रकान्यावर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"दंडवत."

"अगं मग उत्तर तुझ्या हातात आहे आणि तू रडतेस काय? कोऱ्या गटाने रोज पन्नास-पन्नास दंडवत घातले. उपवासातले दंडवत ताएबोच्या बरोबरीने शरीर घडवतात. हे आजवर कोणी मोजलंय? तू रकाना काढलास म्हणून सापडलं. शीर्षक बदल. गिनबोत पंधराच्या आत होईल."

ते खरंच खूश होते. मला कॉफी दिली, पहिल्या उकळीची, सर्वांत दाट. घरी येताना जमिनीला पाय लागत नव्हते. आईला फोन करून सांगितलं, तुझ्या त्या प्रार्थनेनेच मला तारलं. ती म्हणाली, "प्रार्थनेला मोजलंस?" मग म्हणाली, "चांगलं झालं असेल तर चांगलं."

रात्रभर नवं पहिलं पान मनात लिहीत होते. आनंद झाला की मला झोप लागत नाही आणि काळजी असली तरी लागत नाही, त्यामुळे हे नक्की काय होतं सांगता येत नाही.

मियाझ्या १३

होसाना. सकाळी चर्चमधून येऊन लिहायला बसले होते. दारावर ब्रझाफ. बोटात ताडाच्या पातीची अंगठी, डोक्यावर नेतेला. आत ये म्हटलं तर उंबऱ्यावरच उभी.

"टीचर, माझे कागद हवे आहेत. दंडवतांचे. बेरीज करायची आहे."

"कशाला?"

"आबांनी सांगितलंय."

मी बेरीज आधीच केली होती. "एक हजार तीनशे वीस."

तिने डोळे मिटले. "एवढे लिहिले मी?"

मला अजूनही कळलं नव्हतं. मी म्हटलं, "एवढे घातलेस, अभिमान वाटायला हवा."

"घातले नाहीत," ती म्हणाली. "एकही नाही. म्हणजे घातले असतील पाच-सात. काल आबांकडे पाप सांगायला गेले होते. त्यांना सांगितलं की देवाच्या नावावर खोटं लिहिलंय. त्यांनी विचारलं किती. मी म्हटलं, आठवत नाही, कागद टीचरकडे आहेत. ते म्हणाले, जा, आकडा घेऊन ये. जितके लिहिलेस तितके घाल. लिहिलंस ना, आता ते खरं कर."

"मग वर रोज आवाज कसला यायचा?"

ती माझ्याकडे पाहत राहिली, जणू मीच तिची चेष्टा करते आहे. मग उंबऱ्यावर, नेतेला न काढता, तिने उजवा पाय पुढे घेतला आणि दोन ठोसे मारले. डावा जोराचा.

मी तिचे कागद उलटे ठेवले.

तिने सगळं सांगितलं. दुसऱ्याच आठवड्यात सुरू झालं. येशी वर्गातून यायची, जेवण झालं की शिकलेलं शिकवायची. आधी चौदा नंबरात, मग पंधरा, सोळा, सतरा. "एकजण जेवते आणि दुसरी ताटाकडे बघत बसते, असं होतं का, टीचर? ती लाल तोंड घेऊन यायची, हसायची, घोरायची. आम्ही काय करायचं?" कागद आले तेव्हा भीती वाटली की चाचणीत पकडल्या जाऊ. मग ब्रझाफच्या लक्षात आलं की रकान्यात दंडवत लिहिले तर दम कुठून आला याचं उत्तर तयार राहील. "तुम्हीच म्हणालात, त्यातूनही वाढत असेल."

"तुझा विचार होता तो?"

"माझा. बाकीच्यांनी माझं पाहून लिहिलं. पण शनिवार-रविवार मी रिकामे ठेवले, टीचर. तेवढं पाळलं."

"व्यायाम करू नका असं मी सांगितलं होतं. ते मोडल्याचं नाही सांगितलंस आबांना?"

तिने विचार केला. "ते पाप आहे असं वाटलं नाही."

मियाझ्या १४

कुणालाच सांगितलेलं नाही. आबांना ठाऊक आहे, पण ते बोलणार नाहीत. ब्रझाफ बोलणार नाही, तिला वाटतं की तिचं मिटलं. आजपासून रोज थोडे-थोडे ती दंडवत घालते आहे, शुक्रवारपर्यंत पुरे करणार. म्हणजे शुक्रवारनंतर तो रकाना खरा होईल. फक्त तारखा खोट्या राहतील.

हे वाक्य लिहिलं आणि वाचून मीच घाबरले.

मागची पानं उलटली. मेगाबित १४: चादरी झटकत असतील. मी अर्ध्या जिन्यापर्यंत गेले होते. उरलेल्या नऊ पायऱ्या. दुसऱ्या कुणी असं लिहिलेलं वाचलं असतं तर मी म्हटलं असतं, हिला माहीत करून घ्यायचं नव्हतं.

आईला फोन केला, सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "एका ताटातल्या पोरी. त्यातल्या अर्ध्यांना वाढलंस, अर्ध्यांना उपाशी ठेवलंस, आणि वर विचारतेस चूक कुठे झाली."

"बरोबरी राखायला केलं होतं, आई."

"बरोबरी त्यांनी राखली."

मग फोटोचं विचारलं नाही. त्यानेच जास्त वाईट वाटलं.

मियाझ्या १५

सरांकडे गेले. उभ्यानेच सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ती पोरगी आकडा पुरा करते आहे म्हणालीस?"

"हो."

"मग आकडा खोटा कसा?"

"सर, तो बारा आठवड्यांत घातलेला नाही."

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"त्या सोळाजणींना. त्यांना शिकवणाऱ्या सोळाजणींना. आबांना. मला. आता तुम्हाला."

त्यांनी उठून खिडकी लावली. मग म्हणाले, "मला सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. आणि असं वाटल्याचं मला बरं वाटत नाही. हेही तुझ्या वहीत लिही."

मी लिहून आणलेलं पत्र टेबलावर ठेवलं. त्यात लिहिलं आहे की दोन्ही गटांनी व्यायाम केल्यामुळे तुलना होऊ शकत नाही, दंडवतांची नोंद विश्वासार्ह नाही, आणि चूक गट पाडणारीची आहे. सर म्हणाले, पुढच्या वर्षी नव्याने करावं लागेल, आणि तोपर्यंत ती जागा थांबणार नाही. साहाय्यक म्हणून ठेवतील की नाही ते विभाग ठरवेल.

दारातून बाहेर पडताना ते म्हणाले, "अयनादिस. बत्तीसजणी सुधारल्या, हे तर खरं ना?"

"ते खरं आहे."

"अर्ध्या तर तुझ्याशिवायच."

ते चांगलं म्हणून बोलले की वाईट म्हणून, अजून ठरत नाही.

मियाझ्या १८

सिकलेत, दुःखाचा शुक्रवार. आवारात पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे पांढऱ्या नेतेला. आधी आबांकडे गेले आणि जिन्यावरून परत फिरल्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, असा आवाज किती वेळा ऐकलास?

"मोजलं नाही."

"तू मोजलं नाहीस?" त्यांनी ऑलिव्हच्या डहाळीने, आज सगळ्यांना मारतात तसं, माझ्या खांद्यावर हलकेच मारलं. "मग त्या मुलीच्या शेजारी उभी राहा. ती थांबेल तेव्हा थांब."

ब्रझाफचे चारशे वीस उरले होते. झाडाखाली येशी तिची चप्पल धरून बसली होती. मी शेजारी उभी राहिले. ब्रझाफने एकदा पाहिलं, काही विचारलं नाही, थोडी सरकली.

शंभरापर्यंत ठीक होतं. दीडशेला मांड्या थरथरायला लागल्या. दोनशेनंतर ती माझ्यापुढे जाऊ लागली. कपाळ टेकवताना तिचा श्वास ऐकू येत होता, तोंड मिटून घेतलेला, मी शिकवला तसा. मला तो जमत नव्हता, मी तोंड उघडून धापा टाकत होते. बारा आठवडे मी समोर उभी राहून ओरडत होते, पुष्कळदा नुसतीच ओरडत होते. तिने केलं होतं. मागून येशीचा हलका आवाज आला, "टीचर, हनुवटी खाली." आजूबाजूच्या बायकांनी तिच्याकडे डोळे वटारले.

ती पुरे करून उभी राहिली तेव्हा मी जमिनीवरच होते. तिने हात पुढे केला आणि मला ओढून उठवलं. तिच्या कपाळाला माती होती. पाचव्या श्वासाला तिची छाती शांत झाली. हे मी मोजलं, मोजायला नको होतं.

"ताई," ती म्हणाली. टीचर नाही म्हणाली. "आता लिहून घ्या. आता खरं आहे."

मी ओढणीत, कमरेला, सगळीकडे चाचपलं. पेन्सिल नव्हती. म्हणून घरी येऊन आत्ता लिहिते. ब्रझाफ, शुक्रवार, चारशे वीस. अयनादिस, दोनशे सत्तर, त्यापुढे मोजणं सुटलं.